सुमनच्या नावानं

माझ्या नणंदेनं मिल बंद पाडली, असं आमच्या सोसायटीत अजून बोलतात. खरं तर मिल बंद झाली ती माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे, आणि तो शब्द खोटा नव्हता. मी होते त्या हॉलमध्ये. दोघं भाऊबहीण समोरासमोर बसलेले मला दिसत होते.

आम्ही मूळचे शिरपूरकडचे, पण आता सुरतच्या पांडेसऱ्याचेच म्हणायचे. घरात अजून अहिराणी चालते. माझे सासरे लूमवर काम करायला सुरतेत आले आणि तरणेच गेले. तेव्हा हे, माझ्या मुलीचे, कविताचे पप्पा, शाळा सोडून भूपेंद्रशेठच्या मिलमध्ये लागले. कपडा रंगवायची मिल. आधी ओला कपडा ओढून गाड्यांवर टाकायचं काम होतं, मग मशीनवर गेले, मग साऱ्या रंगखात्याचे मास्टर झाले. मिलमध्ये सगळे यांना वाल्मिक मास्टर म्हणत. यांची धाकटी बहीण हर्षदा त्या पगारावर शिकली, नंदुरबारला राहून डी.एड. झाली. तिच्या लग्नातली साडीसुद्धा यांनी स्वतः रंगवून आणली होती. मनासारखा जांभळा उतरेना म्हणून शेठकडून दोनदा परवानगी मागून घेतली होती.

हर्षदाचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. ती परत आली, आमच्या वरच्या खोलीत राहू लागली. पुढं महापालिकेच्या मराठी शाळेत लागली, चौथीला शिकवू लागली. पोरं तिला हर्षदाबेन म्हणायची. कोणाचा बाप धुळ्याचा, कोणाचा परभणीचा, कोणाचा अकोल्याचा. पोरं सगळी इथंच जन्मलेली, मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत शिरणारी. शाळेच्या मागून खाडी जाते. त्या बाजूच्या खिडक्या कायम लावलेल्या असत. आम्हाला यात काही वेगळं वाटायचं नाही. मीही कपडे वाळत घालायच्या आधी धुराडं बघते, धूर कुठल्या बाजूला चाललाय ते. इथं सगळ्याच बाया बघतात.

हर्षदाच्या वर्गात सुमन नावाची पोर होती. तिचा बाप रघुनाथ, जिंतूरकडचा, यांच्याच मिलमध्ये बॉयलरवर कोळसा टाकायचा. आई सुंदरा माझ्याबरोबर साड्यांना लेस लावायची. तिला तीन मुली, सुमन थोरली. सुमनला दम लागायचा. थंडीत जास्त, कारण थंडीत सकाळी धूर वर जातच नाही, गल्लीत बसून राहतो. अशाच एका सकाळी ती वर्गात कविता म्हणायला उभी राहिली आणि म्हणता म्हणता खाली बसली. हर्षदानं तिला उचललं आणि रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत पोर गेली. डॉक्टरांनी दमा सांगितला. छाती जन्मापासून कमजोर होती, असंही म्हणाले. हवेचं काय, असं हर्षदानं विचारलं, तर म्हणाले, हवा खराब आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण या पोरीला हवेनंच नेलं असं मी कागदावर कसं लिहू.

त्यांच्यात लहान पोरांना पुरतात. दिवस होईपर्यंत रघुनाथ घरी बसला, मग पुन्हा बॉयलरवर गेला. सुंदरा पुन्हा लेस लावायला बसली. माझ्या शेजारीच बसायची. बोटं तेवढी चालायची.

हर्षदाचं तसं झालं नाही. ती शाळेतून आली की जेवायची नाही, वर जाऊन काहीतरी वाचत बसायची. मग एक दिवस तिनं घरोघरी फिरायला सुरुवात केली. भूपेंद्रशेठची मिल रंगाचं पाणी साफ न करता खाडीत सोडते, बॉयलरचा धूर गाळत नाही, अशी तक्रार तिनं लिहिली होती. शहरातल्या अठवा भागातला एक वकील तिला मदत करत होता. तक्रार सुमनच्या नावानं सुरू होत होती. सह्या थोड्याच झाल्या. ज्यांच्या घरातलं कोणी मिलमध्ये नव्हतं, त्यांच्याच. शाळेच्या मुख्य बाईंनीही तिला बजावलं की सरकारी नोकरी आहे, जपून राहा. तिनं ऐकून घेतलं आणि तक्रार पाठवली.

घरात कोणी आवाज चढवला नाही. मला वाटायचं, एकदा भांडून घेतलं असतं तर बरं. हे जेवता जेवता आपलं म्हणणं मांडायचे आणि ती ताटाकडे बघत उत्तर द्यायची. यांचं म्हणणं असं की पाणी साफ करायचा प्लांट चालवायला वीज लागते, औषधं लागतात. भूपेंद्रशेठनं एकट्यानं तो रोज चालवला तर त्याची साडी महाग होणार आणि शेजारच्या मिलची स्वस्त राहणार. व्यापारी स्वस्त साडी उचलणार. म्हणजे जो नियम पाळेल तो आधी बुडेल. हर्षदा म्हणायची, मग सगळ्यांनाच पाळायला लावा, मी कुठं एकाला म्हणतेय. हे म्हणायचे, सगळ्यांना लावायला सरकारजवळ माणसं नाहीत. ते येतात, एकाला धरतात, टाळं लावतात आणि जातात. ती म्हणायची, मी टाळं मागितलंच नाही, दादा. प्लांट आहे, तो चालवा, एवढंच मागितलंय.

एकदा हे अहिराणीत म्हणाले, "हर्षे, तुनं खरं शे. पन मिल बंद व्हयनी ते इतला लोके खातीन काय?"

"आणि बंद नाही झाली तर श्वास कशाचा घेतील?" ती म्हणाली. अहिराणीला तिनं मराठीत उत्तर दिलं, हे मला तेव्हा लागलं. परक्याशी बोलल्यासारखं.

तिनं यांना एक गोष्ट मात्र कधीच विचारली नाही. प्लांट बंद ठेवून पाणी सोडतात का, हे यांना माहीत असणारच. मास्टर होते. पण ती त्या प्रश्नाच्या अवतीभवती फिरायची आणि मागे यायची. भावाला त्याच्या ताटावर बसून ते विचारायचं नाही, एवढी मर्यादा तिनं ठेवली होती. हेही यांना ठाऊक होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला कळलं की तक्रारीवर समिती नेमली आहे आणि ती लोकांचं ऐकायला येणार आहे. त्याच आठवड्यात रघुनाथ आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. हर्षदाला खाली बोलावलं. म्हणाला, बेन, तक्रार करा, मी अडवत नाही, पण सुमनचं नाव काढा. हर्षदा म्हणाली की नाव काढलं तर तक्रारीत नुसते आकडे राहतील आणि आकडे कोणी ऐकत नाही. तो म्हणाला, मिलमध्ये मला विचारतात, पोरीच्या नावावर किती घेणार. एवढं बोलून गेला.

मी हर्षदाला म्हटलं, काढ की ताई नाव. बापच म्हणतोय. तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "वहिनी, माझ्या डोळ्यांदेखत ती गेली. मी तिचं नाव घेतलं नाही तर कोण घेईल?" नाव तसंच राहिलं. बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

समिती समाजाच्या हॉलमध्ये बसली. दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई, तिघंही बाहेरचे, हिंदीत बोलणारे. पंखे होते, तरी हॉल तापला होता. मिलनं त्या दिवशी पाळी बंद ठेवून कामगारांना बसनं आणलं होतं. ते एका बाजूला बसले, तक्रारवाले दुसऱ्या बाजूला. मी कुठं बसावं कळेना, म्हणून मागे भिंतीशी उभी राहिले. सुंदरा माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

हर्षदा पहिली बोलली. वर्गात बोलते तशी, सावकाश. तिनं बंद खिडक्यांचं सांगितलं, हजेरीत थंडीच्या महिन्यांत किती पोरं गळतात ते सांगितलं, खाडीच्या पाण्यानं पायाला फोड आलेल्या पोरांचं सांगितलं. मिल बंद करा असं माझं म्हणणं नाही, हे तिनं दोनदा म्हटलं. शेवटी सुमनचं सांगितलं. सांगताना ती कामगारांच्या बाजूला बघत नव्हती.

मग शेठच्या माणसानं रघुनाथला पुढं केलं. तो उभा राहिला तेव्हा सुंदरानं माझं मनगट धरलं. रघुनाथला हिंदी येत होती, पण तो मराठीतच बोलला आणि समितीतल्या मराठी कळणाऱ्या एकानं दुसऱ्या दोघांना समजावून सांगितलं.

"सुमन माझी मुलगी होती," तो म्हणाला. "तिच्या श्वासाला काय झालं ते डॉक्टरांनाच नीट सांगता आलं नाही, मला कुठून कळणार. बेन म्हणतात ते खोटं नसेल. पण साहेब, मला अजून दोन मुली आहेत. मिल बंद केली तर मी त्यांना गावी काय दाखवायला नेऊ? ज्या धुरानं एक गेली, त्याच धुरावर दोघी जगतायत. तुम्ही मला तिच्या नावानं रडायला लावू नका."

हर्षदानं मान खाली घातली. सुंदराच्या बोटांच्या खुणा माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होत्या.

त्यानंतर हे उठले. शेठनंच यांना सांगितलं होतं बोलायला, सगळ्यांत जुने म्हणून. हे चांगलं बोलले. या मिलवर किती घरं चालतात, आमच्यासारख्यांची दुसरी पिढी कशी उभी राहिली, ते बोलले. माझी बहीण समोर बसली आहे, तीही या मिलवरच शिकली, आणि शिकली म्हणून आज बोलू शकते, मला तिचा अभिमान आहे, असं म्हणाले. तेव्हा तक्रारवाल्यांतल्याही काहींनी माना हलवल्या. प्लांट दुरुस्त करायला वेळ द्या, शेजारच्या सगळ्या मिलना एकत्र धरा, पण टाळं लावू नका, एवढं म्हणून हे बसायला वळले.

तेवढ्यात त्या वयस्कर बाईंनी विचारलं. सरळ विचारलं, दरडावून नाही. तुम्ही रंगखात्याचे मास्टर आहात, तर सांगा, प्लांट बंद ठेवून पाणी थेट खाडीत सोडलं जातं का?

हे थांबले. शेठचा माणूस खुर्चीत पुढं सरकला. मी बघत होते. यांनी शेठच्या माणसाकडे पाहिलं नाही, समितीकडेही नाही. यांनी हर्षदाकडे पाहिलं. आणि माझी शपथ, हर्षदानं मान हलवली, नाही म्हणून. बोलू नको, असं ती भावाला सांगत होती. तिच्या तक्रारीला जे हवं होतं ते यांच्या ओठांवर होतं आणि ती ते नको म्हणत होती.

"हो," हे म्हणाले. "घाईचं काम असलं की सोडतात."

एवढंच. मग बसले.

महिना उलटायच्या आत मिलला टाळं लागलं. पाणी साफ होईपर्यंत बंद, असा हुकूम होता. भूपेंद्रशेठनं यांना बंगल्यावर बोलावलं. हे घाबरून गेले होते, पण शेठनं शिव्या दिल्या नाहीत, पाणी विचारलं, बसवलं. मग म्हणाला, "वाल्मिकभाई, तमे?" तुम्ही? त्याच्यापुढं काही नाही. हे सांगतात, त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर घरी येऊन जेवता आलं असतं.

सोसायटीनंही मारलं नाही. नुसते बोलायचे थांबले. लेस लावायच्या साड्या आणून देणारी उषाबाई आमचं दार सोडून पुढं जाऊ लागली. तिच्याकडेही साड्या कमीच येत होत्या, मग ज्यांच्यामुळे कमी झाल्या त्यांना कशाला द्यायच्या. कविताला कॉलेजच्या रिक्षात कोणी जागा देईना, ती पायी जाऊ लागली. हे दुसऱ्या मिलमध्ये विचारायला गेले. हातात एवढं कसब असलेला मास्टर कोणालाही हवा असतो, पण साहेब लोकांसमोर खरं सांगणारा मास्टर कोणाला नको होता. एकीकडे चहा पाजून परत पाठवलं, दुसरीकडे गेटवरूनच.

घर हर्षदाच्या पगारावर आलं. तिनं कधी ते जाणवू दिलं नाही. पण हे तिच्याबरोबर ताटावर बसायचे बंद झाले. ती शाळेत गेली की जेवायचे. संध्याकाळी ती यायच्या वेळेला बाहेर निघून जायचे, पांडेसऱ्याच्या रस्त्यानं कुठवर तरी चालत जायचे. ती वरून खाली यायची, यांचा रिकामा पाट बघायची आणि मला काहीतरी वेगळंच विचारायची, दूध आलं का वगैरे. एकदा तिनं मला म्हटलं की मी दुसरीकडे खोली बघते. मी म्हटलं, तू गेलीस तर हे म्हणतील मी बहिणीला घालवली, आणि मग यांना सांभाळणं मला जमणार नाही. ती राहिली.

पावसाळ्यात लोक जाऊ लागले. जिथं काम मिळेल तिथं, कोणी वापीला, कोणी भिवंडीला, कोणी गावी. हर्षदाच्या वर्गातली बाकं मागून रिकामी होत गेली. दाखला मागायला आलेले आईबाप तिच्यापुढं उभे राहायचे आणि ती सही करून द्यायची. रघुनाथही निघाला. आम्ही दोघी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो, हर्षदा आणि मी. मला वाटलं होतं रघुनाथ तोंड फिरवेल. त्यानं फिरवलं नाही, हर्षदाला हात जोडले. सुंदरा चढता चढता थांबली. म्हणाली, "बेन, सुमनला इथंच ठेवून चाललोय." तिला पुढंही काही म्हणायचं होतं, पण मागून लोक ढकलत होते. बस गेल्यावर हर्षदा घरी आली नाही. ती परस्पर सुमनला पुरलं त्या जागेकडे गेली. नंतर कित्येक सोमवारी जात राहिली.

दिवाळीनंतर यांना चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामी काम मिळालं. ऊस घेऊन येणाऱ्या गाड्यांची नोंद, त्यांना रांगेत लावणं. तिथंच एक खोली घेतली, रविवारी येऊ म्हणाले. काही रविवारी आले, काही नाही. ज्या माणसाला कपड्याचा रंग एक छटा हलला तर दुरून कळायचा, तो आता धुळीत उभा राहून ट्रॅक्टरांना मागे-पुढे करत होता. यांनी तक्रार केली नाही. हर्षदाबद्दल तर एक शब्द नाही. उलट पहिल्या पगारातून तिच्यासाठी स्वेटर आणला, माझ्या हातात दिला, तू दे म्हणाले.

पुढच्या वर्षी थंडीत मिल पुन्हा सुरू झाली. शेठनं नवा प्लांट घातला होता, बॉयलर गॅसवर केला होता, आणि बाहेरून आणलेली अशी मशीनं बसवली होती की जुन्या मशीनवर जिथं पाच माणसं लागत तिथं एक पुरे. धूर खरंच कमी झाला. मी कपडे वाळत घालताना बघते ना. खाडी तशीच आहे, कारण ती एका मिलची नाही. पण शाळेतला वास कमी झाला. मात्र तोवर तिथली चौथी राहिली नव्हती. मराठीचे वर्ग एकत्र करून लिंबायतच्या शाळेत नेले आणि हर्षदाची बदली झाली. तिच्या जुन्या वर्गात आता पालिकेचं सामान ठेवतात.

मिल सुरू झाल्याचं यांना सांगायला म्हणून आम्ही दोघी एका रविवारी चलथाणला गेलो. हर्षदा पहिल्यांदाच येत होती. हे आम्हाला घ्यायला थांब्यावर आले. वाळले होते. मिलचं ऐकून म्हणाले, चांगलं झालं. मला बोलावलं का, असं काही विचारलं नाही. मग एकदम म्हणाले की रघुनाथ इथं आहे.

गावी काम मिळालं नाही म्हणून तो मुकादमाबरोबर ऊसतोडीला बारडोलीकडे आला होता. एका गाडीवर बसून कारखान्यात आला आणि यांनीच गाडी रांगेत लावताना त्याला ओळखलं. तो गाडीवरून उतरला आणि 'मास्टर' म्हणून यांच्या पायाशी वाकला, म्हणे. यांना रडू आलं होतं, पण मागे गाड्या अडल्या होत्या.

हर्षदा म्हणाली, मुली कुठं आहेत. मुली बरोबरच होत्या. आम्ही तिघं शेअर रिक्षानं आणि मग पायी, तोडीवाल्यांच्या पडावावर गेलो. उसाच्या रानाच्या कडेला प्लास्टिकच्या झोपड्या, पुढं चुली. रघुनाथ फडात होता. सुंदरा भेटली. ती हर्षदाच्या गळ्यात पडली नाही, फक्त पोतं अंथरलं आणि तिच्याकडे बघत राहिली. दोघी मुली मोळ्या बांधायचं चऱ्हाट वळत बसल्या होत्या. मधली सुमनसारखीच दिसायला लागली होती. हर्षदानं तिला जवळ घेतलं, कितवीत आहेस असं विचारता विचारता थांबली. मग सुंदराला विचारलं, हिलाही खोकला येतो का.

सुंदरा म्हणाली, "नाही बेन. इकडं आल्यापासून एकदाही नाही खोकली."

हर्षदा त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसली. हवा खरंच स्वच्छ होती. उसाचा ओला वास होता, पलीकडे पाटाचं पाणी होतं. मुलीची पाठ एकसारखी वर-खाली होत होती, अडखळत नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं तर हे पाठमोरे झाले होते.

परत येताना बांधावरून चालताना हर्षदानं विचारलं, "दादा, मी चुकले का?"

पुढं चिखल होता, तिथं यांनी आधी पाय ठेवून बघितला, मग तिला हात दिला.

"नही," हे म्हणाले. "मीबी नही चुकनू."

"मग असं का झालं?" तिनं विचारलं.

दीड वर्षात हे पहिल्यांदा तिच्याशी एवढं बोलले होते, आणि तिनं यांचा हात बराच वेळ सोडला नाही. खोलीवर आल्यावर तिघं एकत्र जेवलो. माझ्या भाकरी कच्च्या राहिल्या होत्या, कोणी काही म्हटलं नाही.

त्यानंतर यांनी जवळच्या गावातल्या शाळेत मुलींसाठी विचारून बघितलं. तिथं गुजराती होती, मुलींना बोलता यायची, वाचता यायची नाही. शिवाय फड संपला की पडाव हलणार, मग नाव घालून काय करायचं, असं गुरुजी म्हणाले. तेव्हापासून हर्षदा दर रविवारी तिकडे जाऊ लागली. पडावातली पंधरावीस पोरं जमायची. हे तिला थांब्यापासून पडावापर्यंत सोडायचे, आणि ती शिकवत असेपर्यंत लांब एका उपसा पंपाच्या कट्ट्यावर बसून राहायचे. मी कधी गेले तर यांच्याजवळ बसायची. पोरांचा पाढे म्हणायचा आवाज तिथपर्यंत यायचा. रघुनाथची मधली सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

होळीच्या सुमाराला आम्ही गेलो तर पडाव उठला होता. हे आमच्याबरोबरच थांब्यावरून चालत आले होते, यांनाही माहीत नव्हतं. तोड लवकर संपली आणि मुकादमानं टोळी दुसरीकडे नेली, असं पंपावरच्या माणसानं सांगितलं. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं. रघुनाथचा फोन लागत नव्हता.

हर्षदानं पोरांसाठी पाट्या आणल्या होत्या. ती पिशवी हातात धरून मोकळ्या रानात उभी राहिली. हे तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"पुढच्या हंगामात येतील," हे म्हणाले.

"येतील," ती म्हणाली.

मग यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, जड होती म्हणून, आणि आम्ही थांब्याकडे चालू लागलो.